वर्तमानकाळातला नवरा

आत्याचं लग्न झालेलं आहे याबद्दल घरात कुणालाही शंका नव्हती. शंका होती ती फक्त सरकारला.

विवाह नोंदणी कचेरीत चौकशीच्या खिडकीवर बसणाऱ्या बाईंनी आत्याचं परदेशी प्रमाणपत्र उजेडाकडे धरून बघितलं, उलटं करून बघितलं आणि मग आत्याकडे असं बघितलं, की जणू तिने दुसऱ्याच वर्गाचा गृहपाठ आणून दिलाय.

"हे तिकडचं लग्न झालं," बाई म्हणाल्या. "इकडचं कुठाय?"

"इकडचं वेगळं कशाला? लग्न एकच असतं."

"ते तुमच्यासाठी हो. आमच्यासाठी तिकडचं ते तिकडचं."

घोळ असा होता, की परदेशात झालेलं लग्न इथे 'ग्राह्य धरता येईल' असं कायद्यात लिहिलेलं होतं. 'धरावं' असं नाही आणि 'धरू नये' असंही नाही. धरता येईल! आता हे 'येईल' नेमकं कधी येईल, ते कुणालाच माहीत नव्हतं. त्यामुळे असा प्रत्येक अर्ज 'वरती' जायचा, आणि वरती गेलेला अर्ज खाली येताना अजून कुणी पाहिला नव्हता. तरीही बाईंनी सांगितलं, "प्रमाणपत्राचं भाषांतर जोडा, दोघं सह्या करा, अर्ज आणून द्या. मग बघू."

'बघू' म्हणायला बाईंचं काय जात होतं? आतोबाचा, म्हणजे आत्याच्या नवऱ्याचा, या देशात राहायचा परवाना महिनाअखेरीस संपत होता. पाहुणा म्हणून आलेल्याला त्यानंतर सामान उचलून परत जावं लागे. ज्याची बायको इथली, त्याला मात्र राहता येई. आतोबाची बायको इथलीच होती, अगदी याच घरात जन्मलेली. पण ती त्याची बायको आहे, एवढं एक वाक्य लिहून द्यायला कुणी तयार नव्हतं. त्याची नारिंगी रंगाची अवाढव्य बॅग अजून दारामागेच उभी होती. तिच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवायची सगळ्यांना सवय लागली होती, पण ती पूर्ण रिकामी करायचा धीर कुणाला होत नव्हता.

"एवढा काथ्याकूट कशाला?" आजी म्हणाली. "परत एकदा लग्न करून टाका इथे. दहा जणांत, छान. मलाही बघायला मिळेल! लेकीचं लग्न झालं आणि मला कळलं फोनवर. तोही मध्येच कटला."

"आई, मी परत लग्न करणार नाही," आत्या म्हणाली.

"अगं, त्याच्याशीच तर करायचंय!"

"त्याच्याशीच झालंय. परत केलं, तर पहिलं खोटं होतं असं मी सही करून सांगितल्यासारखं होईल. ते मी कुणासाठीही सांगणार नाही."

हे सगळं कान देऊन ऐकणारी आत्याची भाची नववीत होती आणि घरात तिला टकळी म्हणत, कारण सकाळी डोळे उघडले की तिचं तोंड सुरू व्हायचं ते दिवे मालवेपर्यंत. गंमत म्हणजे शाळेत हीच टकळी गेल्या वर्षीपर्यंत मागच्या बाकावर दप्तराआड लपून बसायची. मग निबंध स्पर्धेत पहिली आली. परीक्षकांनी तिच्या निबंधाखाली 'जिवंत भाषा!' असा शेरा मारला. त्या दिवसापासून ती बाईंचा प्रश्न पुरा व्हायच्या आतच हात वर करायला लागली.

टकळीला आत्या म्हणजे जगातली सगळ्यात भारी बाई वाटायची. आत्या लिफ्ट दुरुस्त करायची. परदेशात कामाला असताना एका उंच इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत आतोबा होता. तो पोहायला शिकवायचा. पाण्यात मासा, पण बंद जागेत गेला की त्याचं ससुल्यासारखं व्हायचं. आत्या वरून ओरडून त्याला सांगत राहिली, "घाबरू नका, मी इथंच आहे." दार उघडलं तेव्हा आतोबा बाहेर आला आणि म्हणाला, "इथंच म्हणजे कुठपर्यंत?" (तिकडच्या भाषेत म्हणाला, पण टकळीला ते मराठीतच ऐकू यायचं.) लग्नाच्या दिवशी त्याने गडबडीत दोन वेगळ्या जोडांमधले बूट घातले होते, आणि साक्षीदार कमी पडला म्हणून आत्याने रस्त्यावरून जाणाऱ्या पोस्टमनबाईंना पिशवीसकट ओढून आणलं होतं. एवढं सगळं घडलेलं लग्न झालंच नव्हतं म्हणून सांगायचं?

"भाषांतर मी करते!" टकळीने हात वर केला. घरात होती तरी केला.

तिकडची भाषा टकळीला येत नव्हती. पण आत्याला येत होती, आणि आत्याला सरकारी मराठीची धास्ती होती. तेव्हा ठरलं असं, की आत्या एकेका शब्दाचा अर्थ सांगेल आणि टकळी तो कागदावर उतरवेल.

"इथे लिही, 'पती'," आत्या म्हणाली.

"शी! पती काय! नाटकातले लोक म्हणतात पती. आपण 'नवरा' लिहू. जिवंत शब्द आहे. आणि तू 'नवरी'."

"बरं. मग खाली आहे, 'यांचा विवाह झाला'."

टकळीने पेनचं टोपण चावलं. 'यांचा विवाह झाला.' किती मेलेलं वाक्य! जणू कुणाची बदली झाली. निबंधात तिने भूकंपाचं वर्णन वर्तमानकाळात केलं होतं, 'जमीन हादरते, भिंती कोसळतात', आणि नेमकं तिथेच तिला जास्त गुण मिळाले होते. तिने झोकात लिहिलं : 'नवरा आणि नवरी आज परस्परांच्या संमतीने विवाहबद्ध होत आहेत.'

वाचता वाचता आत्याला कामाची वेळ झाल्याची आठवण झाली, म्हणजे तिने नीट वाचलंच नाही. खाली दोघांनी सह्या केल्या. आतोबाच्या नावात तीन जोडाक्षरं एकमेकांच्या अंगावर पडत होती; टकळीला जमलं तसं तिने ते देवनागरीत बसवलं आणि कागद द्यायला शाळेतून परस्पर कचेरीत गेली. एकटी! कुणाला सोबतही घेतलं नाही.

अर्ज घ्यायच्या खिडकीवर एक काका बसले होते. त्यांच्यासमोर शिक्क्यांचं झाडच होतं, प्रत्येक फांदीला एक शिक्का लटकलेला. टकळीने मनातल्या मनात त्यांचं नाव शिक्काराव ठेवलं.

"लग्नाचं आहे ना, बाळ?" शिक्कारावांनी वरचा कागद वाचत विचारलं.

"हो!"

"नवरा परदेशी."

"हो! खूप उंच आहेत."

"दोघांची संमती आहे?"

"म्हणजे काय! संमतीशिवाय कसं?"

"मागे हे काय जोडलंय?"

"तिकडचा मूळ कागद."

"असू दे, नवऱ्याची ओळख म्हणून उपयोगी पडेल. घरच्यांची काही हरकत?"

"छे! आजीला तर फार आवडतात ते."

शिक्काराव प्रसन्न हसले. त्यांनी झाडावरून एक शिक्का तोडला आणि धप्पकन उमटवला. "झालं. उद्या बोर्डावर लावतो."

बोर्डावर! टकळीच्या अंगावर रोमांच उभे राहिले. शाळेत बोर्डावर फक्त पहिल्या येणाऱ्यांची नावं लागतात. म्हणजे आपलं भाषांतर इतकं आवडलं, की लोकांना बघायला बोर्डावर! ती घरी पोचेपर्यंत जमिनीला पाय लावायला विसरली.

दोन-तीन दिवस काहीच झालं नाही. मग एका संध्याकाळी आत्या कामावरून आली ती हातात फुलांचा गुच्छ घेऊन, आणि चेहरा असा, जणू गुच्छात कुणी विंचू ठेवलाय.

"वर्कशॉपमधल्या सगळ्यांनी मिळून दिला," ती म्हणाली. "लग्नाबद्दल अभिनंदन म्हणे. मी म्हटलं, कुणाचं लग्न? तर म्हणे, लाजू नका, बोर्डावर वाचलं."

"कुठल्या बोर्डावर?" आजीने विचारलं.

टकळीने हात वर केला नाही. पहिल्यांदाच.

तेवढ्यात आतोबा आत आला. तो टकळीच्या जुन्या पाठ्यपुस्तकांतून आणि रोजच्या बातम्या ऐकून मराठी शिकला होता, त्यामुळे साधं पाणी मागतानाही तो कुठल्यातरी परिषदेचं उद्घाटन करतोय असं वाटायचं. वाचायचा सराव म्हणून तो रस्त्यावरची एकही पाटी सोडत नसे. आज त्याने टोपी काढली, छातीशी धरली आणि आजीसमोर उभा राहिला.

"सासूबाई, एक दुःखद वार्ता आहे."

"बाई गं! काय झालं, जावईबापू?"

"आमच्या अर्जाची प्रगती पाहण्यासाठी मी कचेरीत गेलो होतो. तेथे फलकावर सूचना आहे. कुणी एक परदेशी इसम माझ्या पत्नीशी विवाह करू इच्छितो."

आत्याने गुच्छ आतोबाच्या दिशेने रोखला.

"कोण इसम?" आत्याने विचारलं.

आतोबाने ते नाव उच्चारून दाखवलं. ते खोकल्याच्या औषधासारखं वाटत होतं.

"या नावाचा माणूस मी जन्मात पाहिला नाही!"

"मला ज्ञात आहे," आतोबा म्हणाला. त्याने तिचा गुच्छासकट हात हातात घेतला. "मला तुझ्याविषयी कणमात्र शंका नाही. कुणीतरी तुझं नाव वापरून लबाडी करत आहे. किंवा त्या बिचाऱ्या गृहस्थालाच कुणी फसवत असेल. म्हणून मी खिडकीवर जाऊन हरकत घेतली."

"काय घेतलीत?" टकळी किंचाळली.

"हरकत. लेखी. ते गृहस्थ फार आनंदले. म्हणाले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी हरकत घेतोय. त्यांनी विचारलं, कारण? मी म्हणालो, वधू विवाहित आहे. त्यांनी विचारलं, कुणाशी? मी म्हणालो, माझ्याशी. मग ते पाणी प्यायले."

आता टकळीच्या डोक्यात एकेक दिवा लागायला लागला. नवरा. नवरी. होत आहेत. बोर्ड. खोकल्याचं औषध. तिने भाषांतराची कच्ची प्रत आणून आत्यासमोर धरली. एका दमात, मध्ये श्वास न घेता, सगळं सांगितलं, की खिडकीवरच्या काकांनी झालेलं लग्न व्हायचं लग्न समजून बोर्डावर लावलं आणि ते नाव आतोबाचंच आहे, आणि मग रडायला सुरुवात करायची तयारी केली.

आत्याने वाचलं. आधी कपाळाला हात लावला. मग तिचे खांदे हलायला लागले. रडतेय असं वाटून टकळीने डोळे मिटले, तर आत्या हसत होती! पोट धरून, खुर्चीचा हात धरून.

"अगं ए बावळट," तिने आतोबाकडे बोट दाखवलं, "याने स्वतःच्याच लग्नाला हरकत घेतली!"

आतोबाला समजावून सांगायला वेळ लागला. समजल्यावर तो थोडा खट्टू झाला. "म्हणजे तो दुसरा गृहस्थ नाहीच?" त्याची जवळजवळ त्या गृहस्थाशी मैत्री झाली होती.

आजीला मात्र सगळ्यात आधी मुद्दा कळला. "मग बरंच झालं की! नोटीस आयतीच लागलीय. हरकत मागे घ्या, लग्न लावून टाका, परवाना मिळेल. मी ठेवणीतली साडी काढते."

आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी टकळीलाही तसंच वाटलं. केवढी सोपी सुटका! तिची चूकही धुऊन निघाली असती. महिनाअखेर तर अगदी तोंडावर आली होती. तिने आत्याकडे आशेने पाहिलं.

आत्या हसायची थांबली होती. तिने दारामागच्या नारिंगी बॅगेकडे पाहिलं, आतोबाच्या पायांकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "तू सांग रे. तू म्हणशील तसं. जायचं तर तुला आहे."

आतोबाने बराच विचार केला. "पोस्टमनबाईंना मी काय सांगू?" तो म्हणाला. "त्यांनी आपली पिशवी पावसात बाहेर ठेवली होती. आमच्यासाठी."

एवढंच. हरकत मागे घ्यायची नाही असं ठरलं. टकळीला वाटलं, आपण मोठं झाल्यावर काय व्हायचं ते नंतर बघू; पण लग्न करायचंच झालं तर इतकं पक्कं करायचं.

सुनावणी अधिकारी मॅडमच्या खोलीत होती. मॅडमचा चष्मा गळ्यात साखळीला लटकलेला, आणि आवाज असा, की शिक्कारावांसारखा माणूसही बूट न वाजवता चालत होता. आजी ठेवणीतली साडी नेसून आली होती, हट्टाने. कोण जाणे, ऐनवेळी लेकीचं मन पालटलं तर!

टेबलासमोर दोन खुर्च्या मांडल्या होत्या. एक हरकतदाराची, एक नियोजित वराची.

"हरकतदार?" मॅडमनी विचारलं. आतोबा डाव्या खुर्चीत बसला.

"नियोजित वर?" शिक्कारावांनी दाराबाहेर जाऊन खोकल्याच्या औषधाचं नाव पुकारलं. बाकांवरच्या कुणीच मान वर केली नाही. परत पुकारलं. आतोबाही सवयीने वळून दाराकडे बघायला लागला.

"आतोबा," टकळीने त्याची बाही ओढली, "तुम्हीच ते."

"क्षमस्व," आतोबा म्हणाला आणि उठून उजव्या खुर्चीत बसला.

मॅडमनी चष्मा लावला. "तुम्ही हरकतदार की वर?"

"आळीपाळीने."

मॅडमनी एक दीर्घ श्वास घेतला, जसा गणिताच्या बाई टकळीची वही उघडताना घेतात. "ठीक आहे. हरकतदाराचं म्हणणं असं, की वधू आधीच विवाहित आहे. वराचं यावर काय म्हणणं?"

"हरकतदार सत्य बोलत आहे," आतोबा उजव्या खुर्चीतून म्हणाला. "मी त्याला जवळून ओळखतो."

शिक्काराव खोकले. मॅडम आत्याकडे वळल्या. "आणि तुम्ही?"

आत्या उठून उभी राहिली. कामावरून थेट आलेली, खिशात पाना तसाच. "मला यांच्याशी लग्न करायचं नाही."

आजीने पदराने डोळे टिपले.

"कारण?"

"कारण मी यांची बायको आहे."

खोलीत कुणी हसलं नाही. टकळीला वाटलं, हे वाक्य आपण कधीच लिहू शकलो नसतो. जिवंत म्हणतात ते असं.

"हे भाषांतर कुणी केलं?" मॅडमनी कागद उचलला.

टकळीने घरी आरशासमोर भाषण तयार केलं होतं, हातवाऱ्यांसकट. त्यातलं पहिलं वाक्यसुद्धा आठवेना. "मी."

"'विवाहबद्ध होत आहेत.' वर्तमानकाळ का?"

"ऐतिहासिक वर्तमानकाळ आहे, मॅडम. त्याने प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहतो."

"राहिला. माझ्या बोर्डावर उभा राहिला. आणि 'नवरा'?"

इथे आतोबाने खिशातून शब्दकोश काढला. त्याला कुठल्याही शब्दाचा विषय निघाला की राहवत नसे. "नवरा. अर्थ एक, लग्नास उभा असलेला पुरुष. अर्थ दोन, लग्न झालेला पुरुष. आपल्या भाषेत लग्नाआधी आणि लग्नानंतर पुरुष तोच राहतो."

"माणूस बदलतो हो," मॅडम म्हणाल्या. "शब्द तेवढा राहतो."

शिक्कारावांनी इतक्या मनापासून मान डोलवली, की टकळीला त्यांच्या घरची थोडी कल्पना आली. मग ते पुढे झाले आणि अदबीने म्हणाले, "मॅडम, भानगडीचं प्रकरण आहे. परदेशातलं लग्न वगैरे. वरती पाठवू या?"

वरती! संपलं. टकळीला बॅगेची चाकं जिन्यावरून खडखडत उतरताना ऐकूही यायला लागली.

मॅडमनी एक जाड पुस्तक काढलं, बोटाला थुंकी लावून पानं उलटली आणि एका पानावर बोट ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असं काहीतरी पसरलं, जे टकळीने फक्त कोडं सुटल्यावर मैत्रिणींच्या चेहऱ्यावर पाहिलं होतं.

"अर्ज असता तर वरती गेला असता," त्या म्हणाल्या. "पण ही हरकत आहे. हरकतीवर अधिकाऱ्याने स्वतः, त्याच बैठकीत, कारणं देऊन निर्णय द्यायचा. अर्जावर बसून राहता येतं, काका. हरकतीवर नाही."

"पण निर्णय काय देणार?" शिक्काराव हवालदिल झाले. "तिकडचं लग्न आपण धरत नाही ना!"

"मला सांगा, उद्या तिकडे लग्न झालेला एखादा माणूस इथे आला, बायको तिकडेच ठेवून, आणि म्हणाला, मी मोकळा आहे, माझं लग्न लावा. लावाल?"

"छे! असा कसा लावीन? त्याची पहिली बायको असते ना!"

"असते?"

"असतेच की! लग्न झालंय त्याचं."

"तिकडे."

शिक्कारावांनी डोकं खाजवलं. "म्हणजे... तेव्हा धरतो आपण."

"एखाद्याला अडवायचं असलं की तिकडचं लग्न खरं, आणि तो हक्क मागायला आला की तेच लग्न खोटं? असं अर्धवट लग्न मला तरी माहीत नाही."

"तेच मी म्हणत होते!" मागून आजीचा आवाज आला. साडीचा पदर, मन पालटायची आशा, सगळं विसरून ती उभी राहिली होती. "विमानात बसताना लग्न काय वजनात बसत नाही म्हणून विमानतळावर काढून ठेवायचं?"

"आजी, खाली बसा," मॅडम म्हणाल्या. पण ते असं म्हणाल्या, की आजी खाली बसताना दोन इंच उंच झाली होती.

मग मॅडमनी मूळ प्रमाणपत्र पुढ्यात घेतलं आणि आत्याला प्रत्येक ओळीचा अर्थ विचारला. साक्षीदाराच्या सहीपाशी थांबून म्हणाल्या, "या कोण?" आत्याने पोस्टमनबाईंची गोष्ट सांगितली, पावसात ठेवलेल्या पिशवीसकट. मॅडमनी ऐकून घेतलं आणि लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर उभं राहून वाचलं :

"हरकत मान्य. नियोजित वधूचा विवाह परदेशात, तेथील कायद्याप्रमाणे, यापूर्वीच झालेला असून हे कार्यालय तो वैध मानते. पती म्हणून हरकतदाराची ओळख पटली आहे. सबब, नियोजित वराशी विवाह करण्यास वधूला परवानगी नाकारण्यात येत आहे."

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग आत्याने आतोबाला जी मिठी मारली, त्यात खिशातला पाना खणकन खाली पडला.

"नाकारलं!" टकळी ओरडली. "आजी, नाकारलं!"

लग्नाची परवानगी नाकारली म्हणून एवढा आनंद कुठल्याही घराने केला नसेल. बाहेरच्या बाकावर आपल्या पाळीची वाट बघत बसलेलं एक जोडपं घाबरून एकमेकांकडे बघायला लागलं.

"हा हुकूम परवान्याच्या कचेरीत दाखवा," मॅडम म्हणाल्या. "कुणी म्हणालं वरती पाठवतो, तर सांगा, निर्णय झालाय. वरती पाठवायला काही उरलेलं नाही."

शिक्कारावांनी झाडावरून लाल शिक्का तोडला आणि हुकुमावर 'नामंजूर' असं ठणठणीत उमटवलं. मग पोचपावती पुढे केली. "इथे सही. 'नियोजित वधू' म्हणून."

आत्याने पेन घेतलं. 'नियोजित वधू' हे दोन शब्द नीट, पट्टी लावल्यासारखे सरळ खोडले, वर लिहिलं 'बायको', आणि खाली सही केली.

"अहो, खाडाखोड चालत नाही!"

"चालू द्या," आतून मॅडमचा आवाज आला. "आणि ए मुली! भाषांतर दुरुस्त करून आण. भूतकाळात."

कचेरीच्या पायऱ्या उतरताना आतोबा मध्येच थांबला. "मी दोन्हीकडे होतो," तो म्हणाला. "एकीकडे जिंकलो. परंतु त्या दुसऱ्याबद्दल वाईट वाटतं. त्याने सूट चांगला घातला होता."

"त्याला घरी घेऊन चल," आत्या म्हणाली. "बूट बघ फक्त. आजही दोन वेगळे आहेत."

परवान्याच्या कचेरीतून 'मुक्काम कायम' असा कागद हाती आला, त्या संध्याकाळी आजीने नारिंगी बॅग दारामागून ओढत आणली, तिच्यावरचे इस्त्रीचे कपडे आतोबाच्या हातात दिले आणि घरातली सगळी जाडजूड पांघरुणं त्या बॅगेत कोंबायला लागली. बॅग बंद होईना, तर टकळीला वर बसवलं.

"आता कुठे जाल, जावईबापू? बॅगच नाही!" आजी म्हणाली खरी, पण चेहरा फुगलेलाच होता.

"आता काय झालं, आजी?"

"काय व्हायचंय! एवढी नटून गेले. एकुलत्या एक लेकीची दोन-दोन लग्नं. एक झालं ते मला दिसलं नाही, आणि जे दिसणार होतं ते झालं नाही."

टकळी बॅगेवरून खाली उतरली, आजीच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "मी तुला लिहून देते ना सगळं! पाऊस, पोस्टमनबाई, दोन वेगळे बूट. वर्तमानकाळात लिहीन. वाचताना डोळ्यांसमोर उभं राहील."

आजीने जरा विचार केला. मग बॅगेची चेन खस्सकन ओढली.

"लिही," ती म्हणाली. "पण ते कचेरीत नेऊन देऊ नकोस."